‘निवटी’ संथ नव्हती

थळच्या बाजारात चंदरचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. वाड्यांना पाणी काढणारे पंप, बर्फाच्या कारखान्यातल्या मोटारी, लग्नाच्या हॉलचे पंखे, जे जे जळतं ते त्याच्याकडे येतं. काम चोख. तोंड मात्र असं, की गिऱ्हाईक पंप टेकवून लगेच बाहेर जाऊन उभं राहतं. पंप कुठल्या कंपनीचा यावरून चंदर आधी नाक मुरडतो, मग तो बसवला कोणी यावरून, आणि वेळ उरलाच तर गिऱ्हाइकाच्या वाडीतल्या सुपारीवरून. गणपतीतला डीजे त्याला चालत नाही. बेंजो पार्टी चालत नाही. शनिवार-रविवारी मुंबईहून येऊन किनाऱ्यावर गिटार कुरवाळत बसणारी पोरं तर अजिबात चालत नाहीत. "ह्यांच्या मांडीवर गिटार न्हाय, मांजर द्या," असं तो त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलतो.

त्याची बायको कमळ बंदरावर मासळी विकते. याला नक्की आवडतं तरी काय, असं कोणी विचारलं तर तिचं उत्तर ठरलेलं असतं. "स्वतःच्या हातची एकच गोष्ट आवडते. अन् ती बी बिघडलेली."

ती बिघडलेली गोष्ट म्हणजे एक सीडी. अठरा वर्षांपूर्वी मुंबईच्या ‘उकिरडा’ नावाच्या रेकॉर्ड कंपनीने काढलेली. बँडचं नाव ‘निवटी’. ओहोटीला खाडीच्या चिखलात जो बोटभर मासा डोळे वर काढून टणाटण उड्या मारतो, ती निवटी. हे नाव चंदरनेच ठेवलं होतं. चिखलातला असून पळतो, पकडायला गेलं तर सापडत नाही, आणि श्रीमंतांच्या ताटात जात नाही, असा त्याचा हिशेब होता.

बँडमध्ये तिघे. अलिबागच्या आयटीआयत तिघांची गाठ पडली. चंदर इलेक्ट्रिशियनच्या वर्गात, ड्रम तो वाजवायचा. स्वप्निल पोयनाडकडच्या भातशेती करणाऱ्या घरातला, फिटरच्या वर्गात, त्याच्याकडे गिटार. आणि जिब्रान बोर्ली पंचतनचा, गाणं तो म्हणायचा. त्याच्या घरातले पुरुष दोन पिढ्या आखातात, आणि हाही जाणार हे तो जन्मायच्या आधीच ठरलेलं. जिब्रानच्या चाचांनी मस्कतहून आणलेल्या सामानात कोणाच्या तरी दोन पंकच्या, म्हणजे विलायती आरडाओरड्याच्या, कॅसेटी चुकून आल्या होत्या. त्या ऐकून तिघांना एवढंच कळलं, की तीन सूर आले तरी पुरतं, गळा चांगला नसला तर उत्तम, आणि गाणं करायला कोणाची परवानगी लागत नाही. मग त्यांनी आयटीआयच्या मास्तरांवर गाणं केलं. हात दाखवूनही न थांबणाऱ्या एसटीवर केलं. सासवण्याला एका मुंबईकराने बंगल्याची भिंत थेट वाळूपर्यंत नेऊन कोळणींची पायवाट बंद केली होती, त्यावर ‘कुंपण’ नावाचं गाणं केलं.

सगळी गाणी दीड मिनिटाच्या आत. चंदरचं म्हणणं होतं, शिवी देताना माणूस प्रस्तावना करतो का?

पहिला कार्यक्रम त्यांनी थळमधल्याच एका हळदीत केला, तोही बेंजो पार्टीचा टेंपो वडखळला बंद पडला म्हणून. आगरी-कोळ्यांची हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी. वाजवणाऱ्याने सुरुवात केली की नाचणारे दमेपर्यंत थांबायचं नाही, हा रिवाज. यांनी सहा गाणी वाजवली आणि घाम पुसत उभे राहिले. समोर नवऱ्यामुलाची आत्या नीराबाई कमरेला पदर खोचून तयार होती.

"काय रं पोरांनो," ती म्हणाली, "मशीन तपासून झाली असंल तर सुरू करा की आता."

त्याच हळदीला सासवण्याच्या बंगल्यावर सुट्टीला आलेला दानियाल आला होता. ‘उकिरडा’चा मालक तोच. वडिलांच्या पैशावर वडिलांच्या पिढीला शिव्या देणारी कंपनी त्याने काढली होती आणि ती जोरात होती. त्याला ‘निवटी’ इतकी आवडली, की त्याने मांडवातच चंदरला मिठी मारली. ‘कुंपण’ हे गाणं माणसाच्या मनाभोवतीच्या कुंपणाविषयी आहे, असं त्याने स्वतःच ठरवून टाकलं होतं. ज्या भिंतीवर ते गाणं होतं ती त्याच्याच बापाची भिंत. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि गप्प बसले. रेकॉर्ड निघत होती.

रेकॉर्डिंगसाठी दानियालने स्पूलचं एक जुनं मशीन आणलं. कॉम्प्युटरवर गाणं घेणं म्हणजे त्याच्या मते पाप. थळमधल्या एका बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्याच्या शेडमध्ये सामान मांडलं, आणि वीज गेली. भारनियमनाचे दिवस होते ते. वीज असणं हीच बातमी असायची. मग चांगदेवचा जनरेटर आणला. चांगदेव पंचक्रोशीतल्या हळदींना जनरेटर पुरवायचा, आणि त्याच्या आयुष्यात एकाही मांडवातला दिवा मंद झाला नव्हता, हा त्याचा अभिमान. त्यामागची युक्ती साधी होती. स्पीकर दणकला की दिवे मिणमिणतात, म्हणून तो इंजिनचा वेग आधीच चढवून ठेवायचा. त्या दिवशीही त्याने तेच केलं. वर चंदरनेच ओरडून सांगितलं, "अजून जरा दे, चांगदेवदादा, अ‍ॅम्प्लिफायर दमतोय."

आता त्या मशीनची मोटार विजेच्या ठोक्यावर फिरणारी. जनरेटर जोरात पळाला, तशी टेपही जोरात पळाली, आणि प्रत्येक गाणं हवं त्यापेक्षा लांब टेपवर पसरलं. हे शेडमध्ये कोणाला कळणार? कळलं ते पुढे. मुंबईला दानियालच्या घरी, शहाण्या विजेवर तीच टेप लावली तेव्हा ती आपल्या नेहमीच्या चालीने चालली आणि त्यावरची गाणी पार पेंगुळली. दीड मिनिटाचं गाणं पावणेदोनच्या पुढे गेलं. चंदरचा ड्रम ओल्या गादीवर काठी मारल्यासारखा वाजू लागला. जिब्रानचा आवाज मुळात चिरका, तो विहिरीत पडलेल्या रेड्यासारखा झाला. शब्द तर एकही लागेना.

सीडी बोर्लीला पोचली तेव्हा जिब्रानच्या अम्मीने ऐकून विचारलं, "हा तू आहेस, की तुझे अब्बा सर्दीत बोलतायत?"

चंदरने दानियालला फोन केला. गाणी चुकीच्या वेगाने आली आहेत, परत काढ, म्हणून सांगितलं. दानियाल म्हणाला, "अरे पागल, तोच तर तुमचा साउंड आहे! समंदर आहे त्यात!" सीडी निघून गेल्या होत्या. एका मासिकात चार ओळी आल्या, त्यात लिहिलं होतं, झोपाळू किनाऱ्यावरचा झोपाळू बँड. मग मुंबईत एकदा त्यांचा कार्यक्रम ठेवला. तिथे त्यांनी खऱ्या वेगाने वाजवलं, तर ज्यांनी सीडी ऐकली होती ते म्हणाले, मांडव्याची शेवटची लाँच चुकेल म्हणून घाई करतायत बिचारे.

त्यानंतर ‘निवटी’ संपली. जिब्रान मस्कतला गेला. स्वप्निलने नागावात एका रिसॉर्टची मॅनेजरकी धरली, आणि आता तो शनिवारी रात्री पर्यटकांच्या शेकोटीपाशी सिनेमातली गाणी वाजवतो. ‘उकिरडा’ मात्र मोठी झाली. महाराष्ट्रात आणि बाहेरही जी पोरं गॅरेजात, गच्चीवर, कॉलेजच्या मागे आरडाओरडा करू लागली, ती सगळी ‘उकिरडा’चं नाव घेत. पण नाव घ्यायचं ते दोनच बँडचं. एक ‘पाचवी गल्ली’, एक ‘फ्यूज’. बाकीचे डझनभर बँड पोस्टरवर खाली बारीक अक्षरात राहिले. डोंबिवलीची ‘गळकी टाकी’, भुसावळचा ‘वेटिंग लिस्ट’, कोण कोण. ‘पाचवी गल्ली’चं बँकांना शिव्या घालणारं गाणं आता एका बँकेच्या जाहिरातीत वाजतं. जाहिरात लागली की चंदर टीव्हीसमोर उभा राहून टाळ्या वाजवतो आणि मग चॅनेल बदलतो.

या सगळ्या काळात चंदरची एकच श्रद्धा होती. ‘निवटी’ खऱ्या वेगाने लोकांपर्यंत पोचली असती, तर ‘पाचवी गल्ली’वाल्यांना आज गल्लीतच गाडी लावावी लागली असती. तो हे कोणालाही सांगे. पंप घेऊन आलेल्याला, बिल मागायला आलेल्याला, एकदा तर जनगणनेच्या माणसाला. त्यात चांगदेवला तो मनसोक्त शिव्या घाली. ‘अजून जरा दे’ हे वाक्य मात्र त्याच्या गोष्टीतून कधीच गळून गेलं होतं. जगाने आपल्याला नाकारलं नाही, जगाने आपल्याला ऐकलंच नाही, हे एकदा ठरवलं की माणसाला तुच्छतेची पेन्शन सुरू होते. चंदर ती दर महिन्याला वेळेवर उचलत होता.

गेल्या वर्षी राही आली तेव्हा तो वाडीतल्या एका पंपाची जळकी तार ओढून काढत होता. पुण्याची मुलगी, पंचविशीतली, खांद्याला बॅग. ‘उकिरडा’ला वीस वर्षं होत होती. दानियाल त्या निमित्ताने दुर्लक्षित राहिलेल्या बँडचा एक मोठा संच काढणार होता, आणि त्यातली गाणी निवडायचं, त्यावर लिहायचं काम राहीकडे होतं.

"चंदर सर आपणच ना?"

"सर आयटीआयत व्हते. त्यांच्यावर आमी गाणं केलं. बस."

ती स्टुलावर बसली. तिने सांगितलं, की आज गुवाहाटीत, नागपुरात पोरं ‘निवटी’ ऐकतात. ती संथ, बुडत जाणारी लय कोणाकडेच नव्हती. त्या लयीत वाजवणाऱ्या बँडना आता चिखल पंक म्हणतात, आणि त्याची सुरुवात तुमच्यापासून झाली असं मानतात.

चंदरने तार खाली ठेवली. "काय पंक?"

"चिखल."

"ऐकलंस का गं?" त्याने आत हाक मारली. कमळ बंदरावरून येऊन मागच्या बाजूला टोपली धूत होती. "आपुन चिखल हाव म्हणं."

"मी कवापासून सांगतेय," आतून आवाज आला.

राही हसली, पण तिने विचारायचं सोडलं नाही. "एवढं संथ वाजवायचं तुम्ही कसं ठरवलंत?"

"ठरवलं न्हाय. जनरेटर जास्त पळत व्हता."

राहीने डोळे मिटून मान हलवली. "वा," ती म्हणाली, आणि ते वाक्य लिहून घेतलं.

चंदर तिच्याकडे बघतच राहिला. अशी माणसं त्याने रिसॉर्टवर पाहिली होती. त्यांना नळ गळतोय म्हणून सांगितलं तरी ती पाण्याविषयी विचार करू लागतात. मग त्याने लिहायचं थांबवायला लावून तिला सगळं समजावलं. इंजिन, मोटार, टेप. राही मूर्ख नव्हती. अर्ध्यातच तिचा चेहरा उतरला. ओहोटीची लय, मावळतीची लय, कोळ्यांच्या जगण्यातला ठहराव यांवर तिने पानंच्या पानं लिहून ठेवली होती.

"ठहराव?" चंदर म्हणाला. "बंदरावर लिलाव सुरू झाला की जाऊन उभी राहा. कोणी ठहरलं तर मला येऊन सांग."

राहीने वही बॅगेत टाकली. मग ती म्हणाली, "तुमचं काय म्हणणं आहे?"

"संच-बिंच काय काढायचा तो काढा. ‘निवटी’ घालायची तर खऱ्या वेगाने घाला. न्हायतर घालू नका."

"खरा वेग नेमका किती होता, हे आता कसं कळणार?" ती स्वतःशीच बोलल्यासारखं बोलली, आणि मग एकदम विचारलं, "स्वप्निलनी गिटार कशावर लावली होती? सूर किती उतरलाय ते कळलं, की वेग किती पडलाय ते कळेल."

हा प्रश्न चंदरला सुचला नव्हता. आठवायला त्याला स्वप्निलला फोन करावा लागला. त्या काळी ट्यूनर कोणाकडे असणार? स्वप्निलने देवळातल्या भजनी मंडळाच्या पेटीवर, पांढरी तीनवर जाडी तार लावली होती. पेटी अजून तीच होती. राही देवळात गेली, बुवांच्या परवानगीने पेटीचा सूर फोनमध्ये घेतला, आणि तेवढ्यावर सगळी गाणी मूळ वेगाला आणून पुढच्या रविवारी परत येते म्हणाली. जाताना तिने चंदरला ‘सर’ म्हटलं नाही, ‘दादा’ म्हटलं.

तो आठवडा चंदर चक्क हवेत होता. एका गिऱ्हाइकाला त्याने पंप चांगल्या कंपनीचा आहे असं सांगितलं, तर तो घाबरून दुसरीकडे दाखवायला घेऊन गेला.

रविवारी सकाळी दुकानात बसायला जागा नव्हती. स्वप्निल रिसॉर्टचा टी-शर्ट घालून आला होता. जिब्रान मस्कतहून व्हिडिओ कॉलवर होता, फोन पंख्याच्या पात्याला टेकवून ठेवलेला. आणि कोणी न बोलावता दानियालही आला. सासवण्याहून गाडीने यायला कितीसा वेळ? केस पिकले होते, ते मागे बांधले होते, आणि पायात फाटके बूट होते, तशा बुटांना फार पैसे पडतात.

"चंदर, मेरे भाई," त्याने मिठी मारली. "काय वजन वाढवलंस!"

"तुमची भिंत वाढली, आमचं वजन वाढलं."

दानियाल हसला. त्याला वाटलं ही इकडची म्हण असेल.

राहीने स्पीकर लावला. "पहिलं ‘कुंपण’ लावते," ती म्हणाली. तिने चंदरकडे बघितलं नाही, आणि हे चंदरच्या लक्षात यायला हवं होतं.

गाणं सुरू झालं. आणि संपलं.

बाहेर कोणाची तरी रिक्षा सुरू होत नव्हती, तिचा आवाज येत राहिला. राहीने न विचारताच दुसरं लावलं, मग तिसरं. ड्रम ताडताड वाजत होता. गिटार घाईने खरवडली जात होती. जिब्रान किंचाळत होता. तीन पोरं कुत्रं मागे लागल्यासारखी पळत होती, आणि अशी पळणारी पोरं ‘उकिरडा’च्या पोस्टरवर वरपासून खालपर्यंत भरली होती.

स्वप्निलने डोकं खाजवलं. "भाई, हे तर ‘पाचवी गल्ली’सारखंच वाटतंय."

"‘पाचवी गल्ली’सारखं न्हाय," चंदर कसाबसा म्हणाला.

"नाही, खरंय. त्यांच्यापेक्षा जरा वाईट आहे."

फोनमधून जिब्रान हसू लागला. हसता हसता त्याला ठसका लागला. "यार चंद्या, तिसऱ्या गाण्यात तू हरवलास! ऐक, मध्येच ठोका सोडलास, मग धावत येऊन पकडलास! संथमध्ये ते कसलं भारी वाटायचं! लोक म्हणायचे, क्या सोच के बजाया है!"

चंदरने ते ऐकलं होतं. सगळ्यांच्या आधी ऐकलं होतं. अठरा वर्षं त्याने जगाला ज्या गोष्टीची उधारी सांगितली ती गोष्ट समोर येऊन बसली होती, आणि ती बरीचशी मामुली होती. जे लोक त्याच्या नावावर भुलले होते ते त्याच्या हाताला भुललेच नव्हते. ते भुलले होते चांगदेवच्या डिझेल इंजिनला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला नाक मुरडायला समोर कोणी सापडेना. सापडला तो ड्रम वाजवणारा चोवीस वर्षांचा उतावळा पोरगा.

तेवढ्यात दारात कमळ उभी असल्याचं सगळ्यांना दिसलं. डोक्यावर टोपली तशीच.

"ते पयलं परत लावा," ती म्हणाली.

राहीने ‘कुंपण’ परत लावलं. कमळ मान तिरकी करून ऐकत राहिली.

"अगं बया," ती म्हणाली, "हे मराठीत हाय?"

"मग तुला काय वाटलं?" चंदर चिडला.

"मला वाटलं इंग्लिश. इतकी वर्षं बोलला न्हाय तुमी! हा जिब्रानभाय काय म्हणतोय, सासवण्याची वाट... भिंतीनं खाल्ली... आमची वाट व्हती ती! माझी सासू तिथनं जायची, डोक्यावर बोंबील घेऊन. आता अर्ध्या गावाला वळसा घालायला लागतो, त्या मेल्या दाढीवाल्याच्या बंगल्यापायी."

दानियालने हात वर केला, जणू गाण्यालाच थांब म्हणत होता. राहीने गाणं थांबवलं.

"कोणाचा बंगला?" त्याने विचारलं.

स्वप्निल जमिनीकडे बघू लागला. फोनमध्ये जिब्रानने हळूच स्वतःचा कॅमेरा बंद केला.

"परत लाव, राही," चंदर म्हणाला. "ह्यांना शब्द लागले न्हाईत अजून."

"नको." दानियाल उठून उभा राहिला. वडिलांची दाढी अख्ख्या अलिबागला माहीत होती. त्याने दोनदा घसा साफ केला आणि मग तो फार शांतपणे, फार समजूतदारपणे बोलू लागला. "सुनो. ते गाणं कोणावर आहे, हा इश्यूच नाही. आर्ट आहे, मी रिस्पेक्ट करतो. पण म्युझिकली बोलतोय मी. असे फास्ट बँड माझ्याकडे पन्नास आहेत. संथ ‘निवटी’ एकच आहे. त्यात मिस्ट्री आहे. या संचाचं तेच पहिलं गाणं असणार होतं, चंदर. पहिलं! पोस्टरवर सर्वात वर."

"आन् ह्यात मिस्ट्री न्हाय?"

"ह्यात... सगळं कळतंय यार."

"व्हय. तेच तर."

"विचार कर," दानियाल म्हणाला. "गाणी तुमची आहेत, तुझा होकार हवा. संथवाली दे, उद्या मुंबईला तुम्हाला स्टेजवर उभं करतो. नाहीतर माझा नाइलाज आहे."

स्वप्निलने चंदरला दुकानाच्या मागे ओढून नेलं. "चंद्या, ऐक. देऊन टाक. कोणाला कळतंय? लोकांना आवडतंय ना? मी तिथे शेकोटीपाशी कोणाच्या तरी गाण्यावर बोटं झिजवतो रे. एकदा आपल्या नावाची पाटी लागू दे."

"ते आपण न्हाय, स्वप्न्या."

"हे आहोत का मग? ऐकलंस ना कसं वाजलंय?"

"ऐकलं."

"वाईट आहे."

"वाईटच हाय."

"मग?"

चंदरच्या हाताला वार्निश लागलं होतं. तो बोटं एकमेकांवर घासत उभा राहिला. त्याला एखादं तिखट वाक्य सुचायला हवं होतं. नेहमी सुचायचं. "मग काय," तो म्हणाला, "वाईट वाजवलंय ते मी वाजवलंय. ते दुसरं चांगलं हाय, पण ते वाजवताना मी तिथं नव्हतो. त्याला टाळ्या पडल्या तर मी कुठं तोंड करून उभं राहू?"

स्वप्निल "तू मरेपर्यंत असाच राहणार," असं म्हणाला आणि खिशातून सिगरेट काढून अर्धी चंदरला दिली. आत येऊन चंदरने दानियालला सांगितलं, खरा वेग, न्हायतर काही न्हाय. फोनवर जिब्रानने कॅमेरा परत चालू केला आणि दोन्ही अंगठे वर करून दाखवले. दानियालने सगळ्यांशी हात मिळवले. कमळशीही मिळवायला गेला, पण तिच्या हाताला मासळीचा वास होता आणि तिने तो पुढेही केला नाही.

संच दिवाळीच्या आधी निघाला. राहीने एक खोका थळला पाठवून दिला. जाड कागदाची पुस्तिका, ‘गळकी टाकी’चे फोटो, ‘वेटिंग लिस्ट’चे फोटो, सगळे बिचारे चाळिशी ओलांडलेले, भिंतीला टेकून रागावल्यासारखे उभे. ‘निवटी’ शेवटच्या पानावर होती. एका ओळीत. "थळच्या ‘निवटी’चे मूळ ध्वनिमुद्रण सदोष असल्याने या संचात समाविष्ट करता आले नाही."

चंदरने ती ओळ कमळला वाचून दाखवली, आणि तो इतका हसला, की शेजारचा सायकलवाला डोकावून गेला. "सदोष! अठरा वर्षं सांगतोय त्याला! आज पटलं लेकाला!"

‘उकिरडा’साठी लिहायचं राहीने या संचानंतर सोडलं. तिने तिघांना विचारून खऱ्या वेगाची गाणी इंटरनेटवर टाकली. पोस्टर नाही, चिखल नाही, नुसती नावं आणि कोणी काय वाजवलं ते. फार कोणी ऐकलं नाही. कमळ मात्र ‘कुंपण’ बंदरावर मोबाइलवर लावते, गिऱ्हाईक मुंबईचं असेल तर जरा मोठ्याने.

एका दुपारी चंदरने फोनवर गाण्यांखाली कोणी काही लिहिलंय का ते पाहिलं. नागपूरच्या कोणा पोराने लिहिलं होतं, "हे जलद कोणी केलंय? वाट लावली. जुनं संथ तेच ओरिजिनल."

चंदरने बनियनला हात पुसले. आधी त्याने बरंच काही टाइप केलं, त्यात त्या पोराची आई होती, त्याचे कान होते आणि नागपूर होतं. मग ते सगळं खोडलं.

"ड्रम मी वाजवलाय," त्याने लिहिलं. "तिसऱ्यात चुकलोय. नीट ऐक."

आणि फोन बाजूला ठेवून समोरच्या माणसाला विचारलं, "हा पंप कोणी बसवला तुला? आंधळ्यानं?"